पाच वाजता फाटक बंद होईल

"या जिल्ह्यातलं एकही फाटक माझ्या सहीशिवाय उघडत नाही की बंद होत नाही," आल्बन पिकरिंग त्या दिवशी सकाळी टोस्टाला मार्मलेड फासत बायकोला म्हणाला. बायकोनं चहाचा घोट घेतला. लग्नाला बरीच वर्षं झाली की कुठे बोलायचं आणि कुठे चहा पीत बसायचं हे माणसाला कळायला लागतं.

पण आल्बनचा दिवसच होता तो. एल्मबरो जिल्हा परिषदेचा तो गेले वर्षभर हंगामी मुख्य अधिकारी होता. हंगामी! हा शब्द त्याच्या खोलीच्या दारावर होता, त्याच्या टपालावर होता, आणि सासूबाई तर चारचौघांत "हे आमचे हंगामी" अशी ओळख करून द्यायच्या. संध्याकाळी सातला परिषदेची सभा भरणार होती आणि त्याला कायम करायचं की नाही यावर मतं पडणार होती. नियम साधा होता. नाव पुकारल्यावर माणूस सभागृहात हजर पाहिजे. नसला, तर जागेची जाहिरात निघणार आणि बाहेरचे लोक रांग लावणार. आल्बननं इस्त्रीची पँट घातली, बूट दोनदा पुसले आणि शीळ घालत निघाला.

सभेआधी एक किरकोळ काम होतं. दर जूनमध्ये परिषदेचे वरिष्ठ अधिकारी एक दिवस ऑफिसबाहेर बसून पुढच्या वर्षाचा विचार करतात. पूर्वी हा विचार हॉटेलात व्हायचा, मधल्या वेळी सॅमन मासा असायचा. यंदा अर्थविभागाच्या नोरीन हॅसलमनं हॉटेलवर कात्री चालवली. नोरीन ही अशी बाई, की तिच्यासमोर लोक बिस्किटसुद्धा अर्धंच उचलतात. मग ठरलं, की परिषदेच्याच हॉकली बागेतल्या लाकडी हॉलमध्ये बसायचं. फुकट.

बसले चौघं. आल्बन, नोरीन, बागा-कचरा-टेलिफोन सांभाळणारा क्लाइव्ह स्प्रोट, आणि कायदा बघणारा डेझमंड ओयेलारन, जो घरी मुलांना शुभरात्रीसुद्धा अटी लागू करून म्हणत असावा. विषय होता, 'जनतेला आपले निर्णय सोसतात का?' सॉसेज रोल संपले, चहा संपला, विषय काही संपेना. बाहेर येऊन गाड्यांपाशी पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

फाटक बंद होतं. चांगलं दोन पुरुष उंच, लोखंडी. त्याला साखळी गुंडाळलेली, साखळीत तळहाताएवढं कुलूप. शेजारी पाटी, 'फाटक सायंकाळी पाच वाजता बंद होईल. हुकमावरून.' खाली आल्बनची सही, छापील.

"हे पाचला कधीपासून बंद व्हायला लागलं?" आल्बननं विचारलं.

"तूच केलंस," नोरीन म्हणाली. "पूर्वी नऊला व्हायचं. पोरं रात्री धिंगाणा घालतात म्हणालास."

आल्बननं कुलपाकडे हात नेला.

"थांबा!" डेझमंड म्हणाला. "बागेच्या नियमावलीप्रमाणे परिषदेच्या कुलपाला अनधिकृत व्यक्तीनं हात लावणं हा गुन्हा आहे."

"अरे, पण परिषद म्हणजे मीच ना?"

"ऑफिसच्या वेळेत. आता तुम्ही नागरिक आहात."

आल्बननं हात खिशात घातला. क्लाइव्हनं तातडीचा नंबर लावला. तिकडून घनगंभीर आवाज आला, 'आपला फोन आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे.' आल्बन दचकला. आवाज त्याचाच होता. मागच्या वर्षी पैसे वाचवायला त्यानं स्वतःच बोलून दिलं होतं, आणि घरी तीन वेळा ऐकवलंही होतं. 'कचऱ्यासाठी एक दाबा. खड्ड्यांसाठी दोन दाबा.'

"कोंडलेल्यांसाठी किती दाबू?" क्लाइव्हनं विचारलं.

"बोलायला माणूस नाही का त्यावर?"

"होता. एक सोडून दोन होते." क्लाइव्हनं नोरीनकडे बघितलं. नोरीन झाडांकडे बघायला लागली.

"सभापतींना फोन कर ना सरळ," शेवटी ती म्हणाली.

"आणि काय सांगू? ज्याच्या हातात अख्खा जिल्हा द्यायचाय, तो स्वतःच्या बागेत स्वतःच्याच हुकमानं अडकलाय? नोरीन, हसून हसून मेले तर मत द्यायला तरी उरतील का?" आल्बनचा आवाज चिरकला. तो खरंच रडायच्या बेतात होता. वर्षभर त्यानं प्रत्येक नगरसेवकाच्या कुत्र्याचं नाव पाठ केलं होतं, ते काय यासाठी?

मग एकच उपाय उरला. कुंपण.

कुंपणावरून चढणं हा गुन्हा आहे का, हे डेझमंडला विचारायचं नाही, असं तिघांनी ठरवलं. कुंपण फाटकाहून बरंच बुटकं होतं. आल्बन पुढे झाला. त्यानं वरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि इस्त्रीच्या पँटसकट दांडीवर स्वार झाला. तेव्हा त्याला काहीतरी गार आणि चिकट लागलं.

"क्लाइव्ह," तो वरूनच म्हणाला, "हे काय आहे?"

क्लाइव्हचा चेहरा पडला. "तो रंग असेल. कधीच न वाळणारा. चढणाऱ्याचे हात बरबटावेत म्हणून आपण लावला होता."

"मग त्याची पाटी?"

"पाट्यांचे पैसे नामंजूर झाले."

नोरीन परत झाडांकडे बघायला लागली. पण तिलाही तिथूनच उतरायचं होतं. थोड्या वेळात चौघंही रस्त्यावर उभे होते, पंजे काळे, पँटी काळ्या, आणि डेझमंडच्या कपाळावर एक आडवा पट्टा, कारण त्याला विचार करताना कपाळ चोळायची सवय होती.

बस? ती आता फक्त गुरुवारी येते. टॅक्सीवाल्यानं हात बघून काच वर केली. मग गाणं वाजवत आली आल्डो फ्रातिनीची आइस्क्रीमची गाडी.

"या, या, साहेबलोक," आल्डो म्हणाला. "माझ्या परवान्याची फी दुप्पट करणारे तुम्हीच ना? मागे बसा. कोनांवर बसू नका."

चौघं फ्रीजरला टेकून उकिडवे बसले. गाडीचं भोंग्यावरचं गाणं बिघडलेलं होतं, ब्रेक दाबला की वाजायचं. गावात शिरताना डेझमंड घड्याळ बघत पुटपुटला, "सातनंतर आइस्क्रीमवाल्यानं गाणं वाजवणं बेकायदेशीर आहे."

"मग ब्रेक नको दाबू का?" आल्डोनं विचारलं. डेझमंडनं घड्याळ बाहीखाली लपवलं.

परिषदेच्या पायऱ्या आल्बन धावत चढला. सात वाजून बरीच मिनिटं झाली होती. संपलं, त्याच्या मनात आलं, आता आयुष्यभर हंगामी. त्यानं कोपरानं दार ढकललं.

आत नगरसेवक मागच्या सभेच्या इतिवृत्तावर भांडत होते. निवृत्त ग्रंथपालबाईंच्या सत्काराला 'टाळ्या' झाल्या असं लिहायचं की 'तुरळक टाळ्या', यावर दोन्ही पक्ष इरेला पेटले होते. आल्बनला इतका आनंद झाला, की त्या सगळ्यांना मिठी मारावीशी वाटली. याच लोकांच्या याच सवयीला वर्षभर त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पाठीमागे हात बांधून तो गुपचूप खुर्चीत बसला.

अखेर 'टाळ्या' एका मतानं जिंकल्या आणि आल्बनचं नाव पुकारलं गेलं. लगेच नगरसेविका ओल्डरॉइडबाई उठल्या. त्यांच्या कुत्र्याचं नाव बिस्मार्क, हे आल्बनला पाठ होतं, पण त्याचा आता काही उपयोग दिसेना.

"माझा विरोध आहे," बाई म्हणाल्या. "मी बिस्मार्कला हाक मारायला हॉकली बागेच्या कुंपणाला नुसती टेकले, आणि माझा उंटाच्या लोकरीचा कोट गेला. पिकरिंगसाहेबांना पत्र लिहिलं. साहेबांनी कळवलं, सदर रंगाचा त्रास फक्त वाईट हेतूनं चढणाऱ्यांनाच होतो. मी विचारते, या माणसाला आपला एक तरी निर्णय कधी स्वतःला लागलाय का?"

आल्बन उभा राहिला. भाषण पाठ होतं, सुरुवात 'दूरदृष्टी' या शब्दानं होती. ते त्यानं सोडून दिलं आणि पाठीमागचे दोन्ही हात वर केले.

"लागलाय, बाई," तो म्हणाला. "अजून ओला आहे."

नगरसेवक माना उंचावून बघायला लागले. मग मागच्या रांगेत बसलेल्या नोरीननं हात वर केले. क्लाइव्हनं केले. डेझमंडनं नुसतं कपाळ पुढे केलं. आणि ओल्डरॉइडबाई अशा हसायला लागल्या, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. आल्बननं कोंडल्यापासून आइस्क्रीमपर्यंत सगळं सांगून टाकलं, फाटक उद्यापासून नऊला बंद होईल आणि रंग खरवडला जाईल असंही सांगितलं. "निदान एक तरी अधिकारी कुंपणावर चढला म्हणायचा," बाई डोळे पुसत म्हणाल्या आणि विरोध मागे घेतला.

मतं पडली. आल्बन कायम झाला. सभापतींनी उत्साहाच्या भरात त्याचा हात दाबला, मग स्वतःच्या गळ्यातली मानाची सोन्याची साखळी सारखी केली, आणि तीही काळी झाली. पण आल्बनला कशाचंच काही वाटत नव्हतं. छातीवरचा वर्षभराचा दगड उतरला होता आणि त्याला फक्त हसावंसं वाटत होतं.

बाहेर अजून उजेड होता. क्लाइव्हनं ऑफिसातून किल्ली आणली आणि चौघं गाड्या सोडवायला हॉकली बागेकडे परतले. "आता मी कायम आहे," असं डेझमंडला ऐकवून आल्बननं कुलूप हातात घेतलं. किल्ली लावायच्या आधीच ते उघडून त्याच्या हातात आलं. साखळी खळकन खाली पडली.

चौघंही तिच्याकडे बघत राहिले.

"अरे हो," क्लाइव्ह हळूच म्हणाला. "कुलूप लावणाऱ्या माणसाचं कंत्राट आपण मार्चमध्येच रद्द केलं. फाटक वाऱ्यानं आपटू नये म्हणून गवत कापणारे जाताना नुसती साखळी गुंडाळतात आणि कुलूप उघडंच अडकवतात."

"कंत्राट रद्द करायच्या कागदावर सही कुणाची होती?" नोरीननं विचारलं. आता आल्बन झाडांकडे बघायला लागला.

डेझमंडनं घसा साफ केला. "माझं कायदेशीर मत असं आहे, की आपण आता इथे आलोच नव्हतो."

तेव्हा मात्र आल्बनला हसू आवरेना. पोट धरून हसतच त्यानं फाटक ढकललं आणि ते मुकाट्यानं उघडलं. सही काही लागली नाही, पण अंगठा मात्र ठळक उमटला.