चार बोटं राखून

राव मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गवत चरत होते.

सकाळचे सात वाजले असतील. मी कंपनीच्या बसची वाट बघत सोसायटीच्या फाटकाशी उभी होते. आतल्या हिरवळीवर एक गृहस्थ दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे टेकून ओणवे झालेले. धोतरासारखी पांढरीशुभ्र वेष्टी, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर ठसठशीत गंध, वय पंचाहत्तरच्या पुढे. दोन बोटांना गवताचा झुबका गुंडाळायचा, हिसका द्यायचा, हाती आलेलं नाकाशी नेऊन बघायचं आणि एक पाऊल पुढे सरकायचं. मी स्मिता, मिरजेची. चेन्नईत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मी आपली स्वतःशीच पुटपुटले, "अरे देवा, यांना काही झालं की काय!"

त्यावर गवतातून चक्क मराठी आलं. "काय होणार? गाय चरते आहे. जरा थांब."

दोन महिन्यांत फोनबाहेर ऐकलेलं ते माझं पहिलं मराठी वाक्य. माझी बस चुकली, पण मी थांबले.

गाय दातांनी गवत कापत नाही, असं त्यांनी उठून गुडघे झटकत मला समजावलं. ती जीभ गुंडाळते आणि ओढते. म्हणून माणसानंही तसंच ओढून बघायचं. पात तुटून हाती आली तर गवत चरायला तयार. मुळासकट उपटून आलं तर अजून कच्चं, गाय सोडायची नाही. "आपल्या सोसायटीचं गवत कच्चं आहे अम्मा," ते गंभीरपणे म्हणाले. सोसायटीत एकही गाय नव्हती, हा मुद्दा त्यांना गौण वाटत होता. हिरवळीवर 'येथे बसू नये, झोपू नये' अशी पाटी आहे. तिच्याखाली कुणीतरी खडूनं 'चरू नये' असं लिहून ठेवलं. राव मामांनी ते वाचलं आणि खूश होऊन म्हणाले, "बरोबर लिहिलाय. कच्चं आहे म्हणून सांगितलोंच होतों."

तुळजाराम राव हे त्यांचं नाव. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. त्यांच्या मराठीत तमिळ अशी मुरलेली की सांबारातली चिंच वेगळी काढता येईल, ती येणार नाही. सगळ्याला 'अस्की' म्हणायचे, जाताना कधीही 'जातो' म्हणायचे नाहीत, 'जाऊन येतों' म्हणायचे. आणि मला, म्हणजे त्यांच्या नातीच्या वयाच्या बाईला, 'अम्मा'. सरकारी चारा-बियाण्यांच्या फार्मवर सारी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर लोक देवळाचे ट्रस्टी होतात, मामांनी गवताची शाळा काढली. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाई-म्हशी पाळणाऱ्यांना जमवायचं आणि कुरण कसं चारावं, कसं राखावं ते शिकवायचं. गुरं किती, दिवस किती, विसावा किती. फी नाही, प्रमाणपत्र नाही. शेवटी ताक.

त्यांचा मंत्र एकच. "अर्धं खा, अर्धं राख." गवत कधीही चार बोटांच्या खाली चरू द्यायचं नाही, मग ते आपोआप परत येतं. हा मंत्र गवतापुरता राहिला असता तर ठीक होतं. मामा पेपर अर्धा आज वाचायचे, अर्धा उद्या. त्यामुळे क्रिकेटचा निकाल त्यांना नेहमी शिळा कळायचा. न्हाव्याला डोक्यावर चार बोटं राखायला सांगायचे. टाळूवर तेवढे केस नव्हतेच, तिथे न्हावी नुसती कात्री वाजवून समाधान करायचा. रोज सकाळी लोक फोनवर फुलांचे फोटो पाठवतात, मामा शेणाचे पाठवायचे. खाली एक शब्द: 'उत्तम'. किंवा 'चारा कडक झाला'. माझ्या आईला मी चुकून एक पुढे पाठवला, तेव्हा तिनं दोन दिवस फोन उचलला नाही.

मामी हयात नव्हत्या, मुलगा परदेशात. मामा एकदा तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले आणि तीन आठवड्यांत परतले. कारण विचारलं तर अजून अंगावर काटा येतो असा चेहरा करून सांगायचे, "दर शनिवारी गवत कापतो अम्मा! दर शनिवारी! गाय नाही, म्हैस नाही. कापतो आणि फेकतो!"

मी हसले होते. ते हसणं लक्षात ठेवा.

आता माझ्याविषयी थोडं. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. आठवड्याचे सहा दिवस कामाचे, सातवा दिवस राहिलेल्या कामाचा. त्या पहिल्या वर्षी मी तापानं पडले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून रसमचा डबा घेऊन मामा खाली आले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं निरखून म्हणाले, "तुला मुळापर्यंत चारलं आहे कोणीतरी. विसावा नाही, तर फुटवा कोठून येणार?" मी तोंडात मिरं चावत रडले होते. ते खिडकीबाहेर बघत बसले आणि डबा रिकामा झाल्यावरच उठले. त्या शहरात मी टिकले ती त्या डब्यामुळे, हे मी आजही मोकळेपणानं सांगते.

शाळेचं पत्रक मामा तीन भाषांत लिहायचे. तमिळ शेतकऱ्यांसाठी, इंग्रजी सरकारी साहेबांसाठी आणि तिसरं मराठी. शाळेत एकही मराठी शेतकरी नव्हता. सगळ्या जिल्ह्यात असेल असं वाटत नाही. तरी चार पानी मराठी पत्रक, जुन्या वळणाच्या अक्षरात, दर महिन्याला माझ्या हाती यायचं. "वाचून दे अम्मा. चूक दिसली तर काढ." मी पर्समध्ये टाकायची आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणायची, "छान आहे मामा." वाचलं एकदाही नव्हतं.

शाळा भरायची चेल्लम्माच्या गोठ्यामागे, अर्ध्या एकरावर. चेल्लम्माच्या सहा गाई आणि जिभेला धार. तिच्या कुंपणाच्या एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला तळ्याकाठचं गावाचं गायरान. सगळ्या गावाची गुरं वर्षभर त्यावर, त्यामुळे तिथं गवतापेक्षा माती जास्त दिसायची. ते गायरान चार भागांत वाटून पाळीपाळीनं चारा, असं मामा कधीपासून सांगत होते. लोक ऐकायचे, ताक प्यायचे आणि निघून जायचे. शाळेला येणारी माणसं चारावर आली होती. मुलगा फोनवर म्हणत होता, आता पुरे, कायमचे इकडे या.

मग मामांनी पैज मारली. चेल्लम्माच्या अर्ध्या एकराचे त्यांनी दोरी बांधून दोन तुकडे केले. एक रोज चारायचा. दुसऱ्याला पंचेचाळीस दिवस कुणी तोंड लावायचं नाही. शेवटच्या रविवारी सगळ्या गावानं येऊन बघायचं. "पटलं तर गायरान वाटून घेतील, मी येथेच राहीन," मला म्हणाले. "नाही पटलं, तर लेकाकडे जाऊन येतों." त्या 'येतों'वर त्यांचा स्वतःचाच विश्वास दिसला नाही.

गुरुवारी पत्रक आलं. म्हणाले, "तुझा कारखाना तिकडेच आहे. शनिवारी दोरी घट्ट आहे का बघ, आणि फळा लावून ये." मी फोनमध्ये बघत हो म्हटलं.

शनिवारी दुपारी मी गेले. चेल्लम्मा बहिणीकडे गेली होती. दोरीपलीकडे गुडघ्याएवढं रान माजलेलं. उद्या पन्नास माणसं येणार आणि बसणार कुठं? त्यात साप असला तर? आमच्याकडे कस्टमर यायचा असला की आदल्या दिवशी अस्की कंपनी घासूनपुसून लख्ख होते, पिवळ्या रेघासुद्धा नव्यानं रंगवतात. माझ्या हाडीमाशी तेच खिळलेलं. पंचेचाळीस दिवस तर भरलेच होते, आता लोकांना नीट कापलेला तुकडाच दाखवायचा असणार, असं मी धरून चालले. मी कारखान्यातल्या माळीबुवांना यंत्र घेऊन बोलावलं. तासाभरात तुकडा कसा, गालिच्यासारखा. कापलेलं गवत गाईंपुढे टाकलं. पंचेचाळीस दिवस दोरीपलीकडे बघून जीव टाकणाऱ्या त्या सहा गाई माझ्याकडे अशा प्रेमानं बघत होत्या की मला स्वतःचा अभिमान वाटला. फोटो काढून मामांना पाठवावा असं मनात आलं. मग म्हटलं, नको, उद्या आश्चर्याचा धक्का देऊ.

रविवारी बसमध्ये वेळ घालवायला पत्रक उघडलं. पहिल्या पानावर, तिसऱ्या ओळीत, खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं: 'रविवारपर्यंत या गवतास कोणीही हात लावूं नये. हेंच आपलें पुस्तक.'

मी ती ओळ दोनदा वाचली. शेजारी मामा नव्या वेष्टीत ताठ बसले होते, मांडीवर हजेरीची वही. "मामा, शनिवारी… गवत…" एवढंच मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या उघड्या पत्रकाकडे पाहिलं. मग समोर बघायला लागले.

आम्ही पोचलो तेव्हा माणसं आलेली होती. पन्नास नाहीत, पण तीस तरी. चेल्लम्मा कमरेवर हात ठेवून दोरीपाशी उभी. "पुल्लु एंगे सार?" ती ओरडली. गवत कुठंय साहेब? कुणीतरी हसलं. एक म्हातारा काठी टेकत परतायला लागला. मी पुढे होऊन सांगणार, तेवढ्यात मामांनी चपला काढल्या आणि दोरीखालून आत गेले.

"मीच कापायला लावलं," ते तमिळमध्ये म्हणाले.

हा माणूस कसा ते तुम्हाला सांगायला हवं. लग्नात भटजीचा मंत्र चुकला तर हा मांडवात उभा राहून दुरुस्त करायचा. पन्नास वर्षांपूर्वीची गवताची नोंद एका बोटानं चुकली होती, ती अजून बोलून दाखवायचा. त्यानं माझ्यासाठी भर सभेत खोटं सांगितलं, आणि आवाज जराही हलला नाही.

मग त्यांनी फावडं मागितलं. रोज चारलेल्या तुकड्यातून एक ढेकूळ उपटलं. मुळं दोन बोटं. नुकत्याच कापलेल्या तुकड्यातून दुसरं काढलं. मुळं वीतभर लोंबत होती. दोन्ही हातांत दोन ढेकळं धरून ते उभे राहिले. "वरून दोन्ही सारखेच आहेत आज. दोघांनाही कापलंय. पंधरा दिवस दोन्हीकडे गाय सोडू नका. कोण आधी उठतं ते बघायला या."

परत निघालेला म्हातारा थांबला. चेल्लम्मा म्हणाली, वीतभर मुळांवालं. दुसरा म्हणाला, पंधरा दिवसांत काही होत नाही. बघता बघता वाद पेटला, आणि ताक तसंच राहिलं.

ते पंधरा दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. रोज सुटल्यावर कुंपणाशी जाऊन उभी राहायची. पाचव्या दिवशी राखलेल्या तुकड्यावर हिरवी झाक आली. दहाव्या दिवशी चार बोटं. शेजारचा तुकडा नुसता जमिनीला चिकटून होता. पंधराव्या दिवशी गाव जमलं, आधीपेक्षा जास्त. काठीवाल्या म्हाताऱ्यानं वाकून दोन बोटांना गवत गुंडाळलं आणि हिसका दिला. पात तुटली, मूळ जागेवर राहिलं. तो तसाच वाकून म्हणाला, "सरी, ठीक. गायरानाला दोरी कधी बांधायची?"

मामांनी सगळ्यांना स्वतःच्या हातानं ताक दिलं, आणि मला दोनदा.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, माफी मागायला. बसमध्ये, बाजारात, दहादा मनात म्हणून पाहिली होती. त्यांनी माफी ऐकूनच घेतली नाही. कपाटातून पत्रकांचा गठ्ठा काढून समोर ठेवला. सगळी मराठी, वर्षानुवर्षांची. जुन्या पानांच्या कडेनं बारीक पेन्सिलीनं शेरे होते: 'हें लांबलें', 'हें लोकांस कळणार नाहीं', 'पुन्हां तेंच?' एके ठिकाणी नुसतं 'जेवायला या'.

"मामीचं अक्षर," ते म्हणाले. "शाळेच्या आदल्या दिवशी मी वाचायचों, ती चुका काढायची. तमिळ भाषण मग मला सोपं जायचं. लेकाला ही भाषा येते, बोलत नाही. नातवाला येतच नाही."

गठ्ठ्याच्या वरची पानं कोरी होती. एकाही कडेला रेघ नाही. अगदी वरची दोन-अडीच वर्षांची पत्रकं मला दिलेली, माझ्या पर्समध्ये चुरगळून परत गेलेली. छान आहे मामा. मला तिथं बसवेना, आणि उठवेनाही.

त्यांनी नवं पत्रक पुढे केलं. या वेळचा वृत्तान्त. मी पेन्सिल मागितली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. दुसऱ्या पानावर वाक्य होतं: 'या खेपेस आम्हीं मुद्दाम गवत कापविलें.' मी 'आम्हीं मुद्दाम' खोडलं. वर लिहिलं, 'स्मितानें चुकून, पत्रक न वाचल्यामुळें'. कडेला आणखी एक शेरा मारला: 'हें खोटें. मामांनी असें लिहूं नये.' आणि पान त्यांच्याकडे सरकवलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग काढून पुसला, आणि परत वाचलं.

"मामी पेन्सिल जरा हळू दाबायची," ते म्हणाले.

मी तिसरं पान उलटणार तोच त्यांनी उरलेली दोन पानं हळूच ओढून घेतली आणि गठ्ठ्याखाली ठेवली.

"पोदुम, पुरे. आज अर्धं झालं. अर्धं राखू," ते म्हणाले. "उद्या ये."