शांघायचे मोडक काका

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले मोडक काका सकाळी जिन्यात भेटले की आधी शांघायची खबर सांगतात.

"काल लिनांच्या म्हातारीनं चेनांच्या दिवाणजीला दारातून परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही, बोल!"

नौपाड्यात आमच्या सोसायटीत नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला वाटतं, काकांचे कोणीतरी नातेवाईक तिकडे आहेत. तसं काही नाही. काका कादंबरी लिहितायत. महायुद्धाआधीचं शांघाय, रेशमाचे दोन व्यापारी, लिन आणि चेन, आणि नदीवरच्या एका धक्क्यावरून दोन पिढ्यांचं वैर. स्वतः काका पूर्वेला म्हणून डोंबिवली ईस्टच्या पुढे गेलेले नाहीत.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. त्यामुळे कल्पनेतलं घरसुद्धा आधी मापात काढायचं, मग त्यात माणसं सोडायची. दिवाणखान्याच्या भिंतीवर शांघायचा भलामोठा नकाशा आहे, आणि त्यात लिनांच्या वाड्याचा जिना कितव्या पायरीला वळतो तेही दाखवलंय. कोणी काही म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न, "पुरावा काय?" वॉचमन म्हणाला, आज टँकर येणार. "पुरावा काय?"

या पुराव्यासाठी काका मासळीबाजारातही जातात. खरं तर ते पक्के शाकाहारी. नाकाला रुमाल लावून पारूबाई कोळणीसमोर उभे राहतात आणि विचारतात, "ओहोटीला होडी गाळात रुतली तर काय करता हो?"

"काय करनार! भरती येईपरेंत बसाचं," पारूबाई म्हणते. "आन् काका, बोंबील घेनार का रोज नुसतंच इचारनार?"

त्याच आठवड्यात चेनांची होडी गाळात रुतली आणि चेन भरतीपर्यंत बसून राहिले.

आम्ही सगळे काकांना हसायचो. मीही. मग गेल्या वर्षी माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली माझी आई नुसती छताकडे बघत पडायची. डॉक्टर म्हणाले, सतत बोला तिच्याशी. पण माझी रजा संपत आलेली, आणि दिवसभराची बाई फारशी बोलायची नाही.

एके दिवशी बरोबर चार वाजता काका फाइल घेऊन दारात उभे.

"वहिनी, आजवर माझी कादंबरी ऐकायला लागले की लोकांना कामं आठवतात. तुम्हाला काही पळता येणार नाही. तेव्हा ऐका."

आणि त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्यानंतर रोज चार ते साडेपाच, एक दिवस न चुकता. आईचा चेहरा तसाच. काका मात्र मध्येच थांबून विचारायचे, "पटतंय ना?" आणि उत्तराची वाट बघून पुढे जायचे.

सहा आठवड्यांनी, एका रविवारी, लिनांची म्हातारी मरायला टेकली. वैद्य आले, सुना रडायला लागल्या. एवढ्यात आईने डावा हात पलंगावर आपटला.

"न... नको."

माझ्या हातातली वाटी खाली पडली. काका उठून उभे राहिले. पेन काढलं, पानावर उभी-आडवी काट मारली.

"नको ना? नाही मारत. अजिबात नाही मारत, वहिनी!"

त्यानंतर आईचे शब्द वाढत गेले. "चूक." "खोटं." मग एक दिवस चेनांची मुलगी आणि लिनांचा मुलगा यांच्याबद्दल, "ल-ग्न."

"अहो, दोन पिढ्यांचं वैर आहे! हे काय नौपाड्यातलं स्थळ आहे?"

"क-रा."

पाच महिन्यांत आई पूर्ण वाक्यं बोलायला लागली, काठी धरून घरातल्या घरात चालायला लागली. मी काकांच्या पाया पडले. म्हटलं, "काका, तुमचे उपकार मी विसरणार नाही. आता आई बोलते. रोज यायचा त्रास नका घेऊ."

मला वाटलं, मी त्यांना मोकळं करतेय. काका "बरं" म्हणाले आणि फाइल काखेत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. तिसऱ्या दिवशीही. आई दाराकडे बघत बसायची. शनिवारी मी घरी होते. चार वाजता तिने काठी उचलली. "चल."

आजारपणानंतर ती पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी उंबऱ्याबाहेर पडली. काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून वाचण्याचा आवाज येत होता. मी दार ढकललं. काका खुर्चीत बसून मोठ्याने वाचत होते. समोर दुसरी खुर्ची मांडलेली, रिकामी. पान संपल्यावर मान वर करून ते तिला म्हणाले, "पटतंय ना?"

"माझ्याशिवाय किती पानं झाली?" आई दारातूनच म्हणाली.

काका दचकून उठले. "सहा."

"मागे घ्या." ती जाऊन त्या खुर्चीत बसली.

काकांनी सहा पानं उलटली, पहिलं वाक्य सुरू केलं, मध्येच थांबले. चष्मा पुसून पुन्हा सुरू केलं.

मला तिथे उभं राहवेना. चहा ठेवते म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एकच कप होता. कपाट उघडून पाहिलं, तिथेही दुसरा नव्हता. मी घरी जाऊन आमचे दोन आणले आणि नंतर तिथेच ठेवून आले.