कडी वाजेतो थांबणाऱ्या सारथ्याची हकिकत

श्री चराचराचा सांभाळ करणार समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, माघ मासी वर्तमान ऐसे जाहले जे, एक राज्य होते, त्यास गादी नव्हती आणि दरबारही नव्हता; हुकूम मोबाइलात उमटे आणि सारथी गाड्या घेऊन धावत. तेथे कोणा दुष्ट सारथ्याने एका मुलीवर हात टाकिला, मग रयत खवळली, आणि रास्तच खवळली. मग सरकारांनी फर्मान काढिले की, ज्याने तुरुंग पाहिला त्याने गाडी हाकू नये. त्या राज्यी रखमाजी कुदळे सारथी होता. ऐन विशीत मारामारी करून दोन वर्षे बंदीत राहिला, त्यास वीस वर्षे लोटली, आणि बायको तेव्हा माहेरी गेली ती परतली नाही. त्याची रीत ऐसी की, बाईमाणूस दारी उतरले की आतून कडी वाजेतो गाडी हलवावयाची नाही. सुमतीबाई ढमढेरे, वृद्ध, एकट्या, डायलिसिसास त्याचेच गाडीतून जात आणि परतताना दारातून पुसत, "रखमाजी, आहात ना?" आणि हा म्हणे, "आहे बाई, लावा कडी." दिवसभरात त्यास नावाने हाक येई ती एवढीच.

एके दिवशी त्याने विश्वासाने बाईंस जुनी गोष्ट सांगितली, जी सरकारांस ठाऊक नव्हती. बाईंचे मन भरून आले, आणि याचे भले व्हावे म्हणोन त्यांनी पाच तारका देऊन सरकारांस लिहिले की, हा मनुष्य तुरुंग भोगून आला, तरी याच्या गाडीत मी निर्धास्त असते. सरकारांनी त्यात तुरुंग तेवढा वाचिला, आणि दुसरे प्रातःकाळी रखमाजीचा मोबाइल मुका जाहला. त्याने अर्ज केला, मग यंत्र बोलिले, "आपले म्हणणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे," आणि पुढे कोणीच बोलिले नाही. बाई फोनवर रडल्या, "अहो, मी चांगलंच लिहिलं होतं हो!" हा म्हणाला, "असू द्या बाई. खरंच लिहिलंत."

मग एके सायंकाळी राहवेना म्हणोन तो बाईंचे गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. नवा सारथी बाईंस उतरवून तत्क्षणी निघोन गेला. बाईंनी किल्ली शोधिली, दार उघडिले, आणि सवयीने मोकळ्या गल्लीस पुसिले, "आहात ना?" रखमाजीचे ओठी शब्द आला, परंतु तुरुंगातला माणूस एकट्या बाईचे दारी घोटाळतो ऐसा बोभाटा होईल म्हणोन त्याने तो गिळिला. कडी वाजली, मग तो चालू लागला.

एणेप्रमाणे राज्य निर्धास्त जाहले. बाई सुखरूप घरात गेल्या, हे पाहणारा एकच होता, आणि त्याचे नाव राज्याचे यादीत नव्हते.