एकशे सत्तर किलो आणि एक मांडी

गाडी फक्त दोन फूट पुढे सरकवायची, एवढंच मी ठरवलं होतं. दोन फुटांत माणसाचं असं काय वाकडं होणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेच वाटलं.

गाडी माझी नव्हे. माझी एक स्कूटर आहे, ती शेजारीसुद्धा उसनी मागत नाहीत. ही होती माझ्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची, स्पोर्ट्स मोटारसायकल. पुढून वाकलेली, मागून उचललेली, आणि तिच्यावर बसलेला माणूस रस्त्यात पडलेलं काहीतरी शोधतोय असं वाटावं. रविवारी तो तिच्यावर आयुष्यातली पहिली शर्यत धावणार होता. तीन वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. (लग्नसुद्धा नाही. सासूबाई त्याचं खापर गाडीवर फोडतात.) शनिवारी सकाळी त्याने ती आमच्या बिल्डिंगच्या आवारात लावली. नवे टायर घेऊन संध्याकाळी तो परत येणार आणि तिला टेम्पोत चढवणार होता.

"भावोजी, हात लावू नका हं," तो म्हणाला. "हा क्लचचा लिव्हर बघा. हा वाकला तर तपासणीतच बाहेर काढतील. उद्यापर्यंत दुसरा मिळायचा नाही."

"मी कशाला हात लावतोय? पण एवढा बाऊ कसला? वजन किती हिचं?"

"एकशे सत्तर किलो."

मी हसलो. मी वजनकाट्यावर कारकून आहे. ट्रक काट्यावर चढतो, मी आकडा वाचतो, पावती फाडतो, असं गेली वीस वर्षं चाललंय. पंचवीस टनांच्या आत मी मानसुद्धा वर करत नाही. एकशे सत्तर किलो म्हणजे आमच्याकडे एक ड्रायव्हर, एक क्लीनर आणि त्यांचे जेवणाचे डबे.

"चालताना ती पिसासारखी असते," मेहुणा म्हणाला. "वळणावर नुसतं तिकडे बघितलं की वळते. पण उभी असताना सगळं वजन वर असतं. एकदा कलली की तुमच्या बापाचं ऐकत नाही. आणि राग मानू नका भावोजी, तुम्ही वजन वाचता. उचलत नाही."

हे शेवटचं त्याने बायकोच्या देखत बोलायला नको होतं. बायको हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ती हसली आणि भावाला म्हणाली, "तू निर्धास्त जा. गाडी माझ्या जबाबदारीवर."

दुपारी दोनच्या सुमाराला ती गॅलरीतून म्हणाली, "अहो, गाडीच्या टाकीवर ऊन आलंय. खाली जाऊन चादर टाकून या बरं."

मी खाली गेलो, चादर न घेता. गॅलरीखालची सावली दोन फुटांवर होती. चादर टाकायला कोणीही टाकतो.

डाव्या बाजूने दोन्ही हातांनी हँडल धरलं, गाडी सरळ केली, पायाने स्टँड मागे ढकलला आणि रेटा दिला. पहिला फूट लोण्यासारखा गेला. पोरगा उगाच घाबरवतो, असं मी मनात म्हणतोय तोच समोर तळमजल्यावाल्यांची कुंडी आली. मी हँडल डावीकडे वळवलं. ते जेमतेम चार बोटं वळलं आणि अडकलं. (या गाड्यांची हँडलं एवढीच वळतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.) मी दचकून पुढचा ब्रेक दाबला.

गाडी थांबली. वजन थांबलं नाही.

ते सगळंच्या सगळं माझ्याकडे आलं. मी उजवी मांडी मध्ये घातली आणि एकशे सत्तर किलो माझ्या मांडीवर येऊन टेकले.

परिस्थिती नीट समजून घ्या. स्टँड उघडायचा तर गाडी सरळ व्हायला हवी. सरळ करायची तर दोन्ही पायांनी जोर लावायला हवा. आणि एका पायावर गाडी होती. मी एकदा रेटून पाहिलं. ती वर गेली नाही, उलट बोटभर खाली आली. त्यानंतर मी रेटून पाहिलं नाही.

ती पडली असती तर माझी मांडी गेली असती, त्याचं एवढं काही नाही. पण लिव्हर गेला असता. पोराची तीन वर्षं एका कुंडीपायी मातीत गेली असती. मला भीती वाटली.

"झालं का हो?" वरून बायकोचा आवाज आला. गाडी फूटभर गॅलरीखाली आल्यामुळे आता वरून मी दिसत नव्हतो.

"होतंय," मी म्हणालो.

"चादर तर इथेच आहे."

"असू दे."

"मग खाली काय करताय?"

"उभा आहे."

याच्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मदतीला बोलावणं सोपं होतं, पण त्यासाठी 'मी वजन उचलत नाही' हे मोठ्याने कबूल करावं लागलं असतं.

तेवढ्यात तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर बाहेर आले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय चाललंय?"

"बॅलन्स बघतोय."

"वा. मदत लागली तर सांगा." असं म्हणून ते पायरीवर बसले आणि बघू लागले. "किती वेळ बघायचा असतो?"

"बराच."

मांडीवर सुरुवातीला चाळीसेक किलो असतील, असा माझा धंद्यातला अंदाज. पाचव्या मिनिटाला ऐंशी झाले. दहाव्या मिनिटाला मांडीवर माल भरलेला ट्रक उभा होता आणि चालक उतरायचं नाव घेत नव्हता. घाम डोळ्यांत गेला, तो पुसायला हात नव्हता. मग खिशातला फोन वाजायला लागला. मेहुणाच असणार. फोनच्या थरथरीनेसुद्धा गाडी खाली येईल की काय, असं वाटून मी श्वास धरला. फोन थांबला आणि वर बायकोचा वाजला.

"नाही रे, ठीक आहे गाडी," ती सांगत होती. "हे खाली तिच्यापाशीच उभे आहेत. कधीचे." 'कधीचे' हा शब्द तिचा तिलाच खटकला असावा. जिन्यात चपला वाजल्या.

तिने मला पाहिलं. ओरडली नाही. मी पेशंट असल्यासारखी जवळ आली.

"पाय कळतोय का?"

"मघाशी कळत होता."

"ब्रेक सोडू नका. हँडल सरळ करा, हळू. मी म्हणेन तेव्हा जोर द्या, त्याआधी नाही."

"अगं, एकशे सत्तर किलो आहे."

"काल नव्वद किलोचे आजोबा पलंगावर सरकवले. ते तर शिव्याही देत होते."

तिने गाडीकडे पाठ केली, कंबर सीटला भिडवली, गुडघे वाकवले आणि म्हणाली, "वजन अंगाला चिकटवून घ्यायचं. लांबून ओढलं की कंबर जाते. हं, आता." आणि ती नुसती उभी राहिली. म्हणजे गुडघे सरळ केले, दुसरं काही केलं नाही. गाडी गुमान सरळ झाली.

"स्टँड," ती म्हणाली.

मी उजव्या पायाला हुकूम दिला. तो आला नाही. शेवटी स्टँडही तिनेच पायाने ओढला आणि मी कुंडीशेजारी बसलो.

मेहुणा टायर घेऊन आला तेव्हा लिव्हर सरळ होता, गाडी सावलीत होती आणि मी सोफ्यावर पाय वर करून पडलो होतो. बायको एक शब्द बोलली नाही. पण मास्तरांनी जिन्यातच त्याला गाठून सगळं सांगितलं. मेहुणा घरात आला, माझ्याकडे बघत राहिला. मी शिव्यांची तयारी ठेवली.

"पंचवीस मिनिटं धरून ठेवलीत?" तो म्हणाला. "जमिनीला टेकू दिली नाहीत?"

"नाही."

"भावोजी, उद्या माझ्याबरोबर चला. सुरुवातीच्या रेषेवर आपली दोन माणसं लागतात."

माझा ऊर भरून आला. मी उठून बसलो. "गाडी धरायला?"

"गाडी ताई धरेल," तो म्हणाला. "तुम्ही माझ्या डोक्यावर छत्री धरा."

हे मी मान्य केलं, अगदी हसत. पण तो खाली गेल्यावर बायको जिन्याशी जाऊन त्याला हळूच म्हणाली ते मला ऐकू आलं.

"छत्री जरा हलकी बघून आण हं."