उशिराचं टक्

कुत्र्यांना शिकवणाऱ्या कुत्रेमास्तरांचं टक् उशिरा वाजायचं, सगळा घोळ तिथेच होता. कुत्रं खाली बसलं रे बसलं की मुठीतला क्लिकर दाबायचा, टक् वाजतं, लगेच खाऊ द्यायचा. म्हणजे कुत्र्याला कळतं की बसलो ते बरोबर. पण मास्तरांचं बोट हलेपर्यंत कुत्रं उठलेलं असायचं. त्यामुळे त्यांची सगळी कुत्री उठण्यात तरबेज झाली होती.

"आधी माणसांवर सराव करा," कुत्र्यांची शाळा चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आणि टक् केलं की खाऊ द्यायचाच. चूक तुमची असली तरी."

घरात माणसं दोनच, वडील आणि बायको. वडिलांनी वाचून झालेल्या पेपरची घडी घालावी, एवढीच मास्तरांची माफक अपेक्षा. वडील घडी घालत, मग ती जमिनीवर टाकत, आणि तेव्हा टक्. वर चॉकलेटचा तुकडा. आठवड्याभरात वडील घडीबिडी न घालता पेपर भिरकावून हात पुढे करू लागले.

बायकोचं प्रकरण नाजूक होतं. लग्न झालं तेव्हा ती खूप हसायची. कधी थांबली ते मास्तरांच्या लक्षातही आलं नव्हतं. ते हसू त्यांना परत हवं होतं, अगदी मनापासून. पण तसं सांगायचं सोडून हा शहाणा खिशात क्लिकर घेऊन फिरू लागला. तिचे ओठ जरा हलले की मास्तर खिसा चाचपत. टक् वाजेतो चेहरा पुन्हा सुतकी. नियमाप्रमाणे चॉकलेट. पुढे पुढे मास्तर दिसले की ती आपोआप तोंड पाडू लागली.

एके सकाळी वडिलांनी विचारलं, "सूनबाई, तुलाही टक् वाजलं की मिळतं का गं?"

ती मास्तरांकडे वळली. "अहो, मी काय कुत्रं आहे?"

"तसं नाही गं. कुत्र्यांच्या आधीचा सराव."

तिचं हसू हवंय, हे सांगायचं राहूनच गेलं. तिने बॅग भरली.

"बहिणीकडे जाते. कधी येईन, सांगता येत नाही."

दारात ती थांबली. मागे वळून पाहिलं, तर मास्तर क्लिकर धरून रडवेले उभे. तिला हसू फुटलं, ते जुनं, खरंखुरं हसू. 'थांब' म्हणावं की दाबावं, या विचारात मास्तरांनी दाबलं. टक् वाजलं तेव्हा तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला होता.

तिने हात पुढे केला. मास्तरांनी उरलेला तुकडा त्यावर ठेवला. तो चघळत ती जिना उतरून गेली.

"जायला पक्की शिकली आता," वडील म्हणाले, आणि पेपर भिरकावून त्यांनी हात पुढे केला. चॉकलेट संपलं होतं.