विमलमावशींची काळी भिंत

आमच्या शेजारच्या विमलमावशी भाजीच्या पिशवीत पाणसळ घेऊन हिंडतात. पाणसळ म्हणजे मिस्त्रीलोकांची ती पट्टी, जिच्या काचेत हिरव्या पाण्याचा बुडबुडा असतो. माझ्या पुतणीच्या हळदीला त्यांनी ती चौरंगावर ठेवली, एक डोळा बारीक केला आणि नवरीला उठवलं. चौरंगाच्या पायाखाली लग्नपत्रिकेची घडी सरकवली, बुडबुडा मधोमध आणला आणि म्हणाल्या, "बस आता. तुझं सगळं बराबर." पुतणी सुखात आहे. श्रेय मावशी घेतात.

मावशी मूळच्या निंबोल्याच्या, केळीच्या बागेत वाढलेल्या. आवाज दोन शेतं ओलांडून जाईल असा. बुरहानपुरात, शनवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांचं आणि त्यांच्या सासूबाईंचं, म्हणजे जिजींचं, भांडण नळाला पाणी येण्याआधी सुरू व्हायचं. गेल्या वर्षी जिजींना लकवा झाला. एकाच कुशीवर, भिंतीकडे तोंड करून त्या पडून राहू लागल्या. भांडण मात्र थांबलं नाही. जिजींचे शब्द अडखळायचे. वाक्य पुरं होईपर्यंत मावशी कमरेवर हात ठेवून थांबायच्या आणि मगच उत्तर द्यायच्या.

यंदा मावशींनी जाहीर केलं की जिजींच्या पलंगालगतच्या भिंतीला टाइल लावणार. चार फूट बाय दोन फुटाची, चकचकीत आणि काळी!

गल्लीत कुजबुज सुरू झाली. आजारी माणसाच्या डोळ्यांपुढे काळं? सून सूड उगवते, असंही बायका बोलल्या. जिजी तर ओरडल्याच, "जितेपणी... अंधारात... घालते मला!"

"मला आवडते काळी," मावशी म्हणाल्या. विषय संपला.

जिजींना पुढच्या खोलीत हलवलं आणि काम सुरू झालं. सलीमभाई मिस्त्री फक्त कापायला. लावणार मावशी स्वतः, मोबाईलवर व्हिडिओ बघून. टाइल उचलायला मला धरलं. भिंतीचा फुगवटा त्यांनी दोन दिवस घासला. चिकटवायचा मसाला घट्ट दह्यासारखा कालवून, दातेरी थापीने भिंतीवर ओढला. टाइलच्या पाठीवरही फासला. "नाहीतर आत पोकळ राहते. मी सांगते ना."

ठिणगी पडली ती पहिल्याच ओळीला. मावशी चहा करायला गेल्या, तेवढ्यात सलीमभाईंनी जमिनीपासून अख्खी टाइल बसवून टाकली.

"काढा!"

"मावशी, नीचे से फुल टाइल चलती है, कटपीस ऊपर जाता है. पूरा बुरहानपुर ऐसेच लगाता है."

"पुरं बुरहानपुर चुकते मग. खाली एक फुटाचा तुकडा, त्याच्यावर अख्खी." ओल्या मसाल्यात थापीचं पातं घालून त्यांनी ती टाइल स्वतः सोडवली. सलीमभाई माझ्याकडे बघत राहिले. मी चहाकडे.

आठवड्याने मी डबा परत द्यायला गेलो. मावशी बाजारात. जिजी नेहमीसारख्या भिंतीकडे तोंड करून, दाराकडे पाठ. मी उंबऱ्यात उभा, अजून हाकही मारली नव्हती.

"ये... रे, बाळू," जिजी म्हणाल्या.

मी चमकलो. मग वाकून पाहिलं. जिजींच्या डोळ्यांच्या बरोबर समोर अख्खी टाइल होती. तिच्यात दार होतं, दारापलीकडची गल्ली होती, रिक्षा होती, बोरं विकणारी बाई होती. कुठेही सांधा आडवा येत नव्हता; सलीमभाईंच्या पद्धतीने तो नेमका जिजींच्या डोळ्यांपुढे आला असता.

मावशी आल्या तेव्हा मी त्यांना ओट्यावरच गाठलं. "पलंगाची दिशा फिरवली असती तर?"

"डोकं उत्तरेला येते. मारायला निघाली म्हणतील."

"मग आरसा लावायचा."

मावशींचा आवाज एवढा खाली येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. "दोनदा धरला आरसा. दोनदा रडल्या. तोंड एका बाजूला गेलंय ना त्यांचं. काळ्यात सावलीतलं आपलं तोंड दिसत नाही रे, फक्त उजेडातलं दिसते. माणसं येता-जाताना दिसतात."

"मग गल्लीला सांगायचं ना असं!"

"कशाला? जिजींना वाटेल, मी त्यांच्यासाठी केलं."

पिशवी माझ्या हातात देऊन त्या आत निघाल्या. उंबऱ्यात थांबल्या. केस सारखे केले, पदर नीट केला आणि भिंतीकडे बघून हात हलवला.

पलंगावरून जिजींचा चांगला हात सावकाश वर आला.