दोरीचं दुसरं टोक

सोमवारी सकाळपासून गडचांदूरच्या त्या गल्लीत कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. समोरच्या टपरीवर नीलाबाई चहाचं आलं कुटायची, तेसुद्धा तिनं फडक्यात गुंडाळून कुटलं. सिमेंटच्या ट्रकवाल्यांना तिनं दोनदा हात दाखवून पाहिला, पण ते कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. अकरा वाजता तौसीफचा इंटरव्ह्यू होता. तौसीफला ऐकू येत नाही आणि इंटरव्ह्यू कंप्युटरवर लिहून होणार आहे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी सगळे कुजबुजत होते. एवढ्या मोठ्या कामात आपल्याकडून कसर नको, असा एकूण विचार.

तौसीफ चोवीस वर्षांचा. त्याच्या कंप्युटर सेंटरात लोक यायचे ते जातीच्या दाखल्याचे अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप करायला. पण त्यानं पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकून घेतलं होतं आणि ट्रकच्या वजनकाट्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. त्यातलं चाळीस ओळींचं काम एकदा त्याच्याकडून दोन ओळींत बसलं, तेव्हा ते सांगायला गावात माणूस सापडेना. शेवटी त्यानं अब्बांना सांगितलं. शफीभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "मंग बाकीच्या अडतीस ओळींचा काटेवाल्याईले राग नाई येईन? काम कमी केलं म्हणतीन."

तौसीफ हसला, पण त्या रात्री त्याला फार एकटं वाटलं. पगार, गाव, मोठेपणा हे सगळं त्याला हवं होतंच. त्याहून जास्त हवी होती एक खोली, जिथं दुसरा कोणी त्या दोन ओळी पाहून म्हणेल, अरे वा. अकरा कंपन्यांना त्यानं अर्ज केले होते. अकराही ठिकाणांहून उत्तर आलं की प्रोग्राम आवडला, फोनवर बोलू. मला फोनवर ऐकू येत नाही असं यानं कळवलं, की पलीकडे शांतता. बारावी कंपनी नागपूरची. तिथल्या मॅडमनी लिहिलं, चालेल, आपण लिहून बोलू.

आता दोरीची गोष्ट सांगायला हवी.

सेंटरच्या भिंतीला लागून शफीभाऊंचं रेडिओ आणि घड्याळं दुरुस्तीचं दुकान. तौसीफ लहानपणी तिथं बसून नुसत्या खरखरीवरून रेडिओतला बिघाड सांगायचा. अकराव्या वर्षी त्याचा ताप मेंदूत गेला, महिनाभर तो चंद्रपूरच्या दवाखान्यात होता. घरी आल्यावर शफीभाऊंनी आपल्या वडिलांचा जुना रेडिओ त्याच्यासमोर ठेवला आणि बटण फिरवत नेलं, फिरवत नेलं, एवढं की शेजारी दारात आले. पोरानं रेडिओच्या पेटीवर हात ठेवला आणि हसून म्हणाला, "अब्बा, थरथरून राह्यला." शफीभाऊंनी रेडिओ बंद केला. त्यानंतर त्यांनी गावाचे शेकडो रेडिओ बोलते केले, पण तो मात्र फळीवर तसाच मुका ठेवला. पोरगा आता ओठांकडे बघून बोलणं समजून घ्यायचा. पोराशी पुन्हा काही बोलावं, आणि त्यानं न बघताही ते समजावं, एवढीच एक इच्छा त्यांच्या मनात राहून गेली होती.

सेंटर निघालं तेव्हा भारनियमन आलं. वीज गेली की यूपीएस दहा मिनिटं ओरडतो आणि मग कंप्युटरसकट मरतो. तौसीफला ते ओरडणं कसं कळणार? दिवसा दिवा लावायची गरज नसे, त्यामुळे वीज गेल्याचा पत्ता लागत नसे. तौसीफची बहीण नाहीद म्हणाली, "अब्बा, एक बल्ब लावून देऊ. विझला का त्याले समजीन."

"बल्ब फ्यूज होते," शफीभाऊ म्हणाले. "बाप होत नाई."

त्यांनी भिंतीला भोक पाडलं आणि नायलॉनची दोरी ओवली. एक टोक तौसीफच्या डाव्या मनगटात, दुसरं दुकानाच्या बाहेरच्या अंगाला, लोखंडी कडी लावून. एक झटका म्हणजे गिऱ्हाईक. दोन म्हणजे जेवण. तीन म्हणजे वीज गेली, काम जपून ठेव आणि बंद कर. तीन वर्षांत शफीभाऊंचा एक झटका चुकला नव्हता. चहाला गेले तरी त्यांचा कान यूपीएसकडे असायचा.

त्याच सुमारास एक चोरीही झाली होती. फळीवरच्या त्या जुन्या रेडिओतला लहानसा लाल दिवा कोणीतरी काढून नेला. त्या दिवशी कोरपन्याकडचे लटारूभाऊ घड्याळ घ्यायला आले होते, म्हणून शफीभाऊंचा संशय कायमचा त्यांच्यावर बसला. ते बोलून दाखवत नसत. ईदचा बकराही दर वर्षी लटारूभाऊंकडूनच घेत, कारण माणूस चोर असला तरी बकरे उत्तम पाळायचा.

तर सोमवारी शफीभाऊंना चिंता होती फोनची. कंप्युटर फोनच्या लाइनवर चालतो आणि लाइन देवाजी लाइनमनच्या हातात. पावणेअकराला ते निघाले.

"नीलाबाई, मी देवाजीच्या बाजूले जाऊन बसतो. बारापर्यंत त्याले तारेले हात नाई लावू देत. इकडे यूपीएस बोंबलला का तीनदा ओढजो."

"ओढतो ना भाऊ," नीलाबाई कुजबुजली. "तुम्ही बिनघोर जा."

सव्वाअकराला लटारूभाऊ बकरा घेऊन आले. ईदला नऊ दिवस होते, ठरलेला माल वेळेवर पोचवायचा हा त्यांचा बाणा. गल्ली चिडीचूप पाहून त्यांना वाटलं, कोणी गेलं की काय. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"कोण गेलं जी?"

"कोणी नाई गेलं. हळू बोला, इंटरव्ह्यू आहे."

"हळूच बोलून राह्यलो. शफीभाऊ कुठी आहे?"

"फोनच्या हापिसात."

"मंग हा कुठी बांधू?"

नीलाबाईचा चहा नेमका उतू जात होता. तिनं वर न पाहता सांगितलं, "बांधा ना तिथीच, दुकानाले."

लटारूभाऊंनी पाहिलं. दुकानाच्या बाहेर छान नायलॉनची दोरी, तिला लोखंडी कडी. शफीभाऊंनी बकऱ्याची सोय आधीच करून ठेवली, माणूस हिशेबी, असं म्हणून त्यांनी दोरी एकदा ओढून मजबुती पाहिली आणि बकऱ्याच्या गळ्यातला पट्टा कडीत अडकवून टाकला.

आत तौसीफ रंगात आला होता. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, आपण मराठीत समजू. मॅडमनी वजनकाट्याच्या त्याच दोन ओळींबद्दल विचारलं होतं. हे कसं सुचलं? तौसीफ भराभर टाइप करू लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी हे विचारत होतं.

तेवढ्यात एक झटका बसला. गिऱ्हाईक. बसू दे. मग दोन झटके. जेवण? साडेअकराला? अब्बांना आज सुचत नाही, तो मनात म्हणाला. मग तीन. तौसीफनं मान वाकवून मॉनिटरमागं एकदा पाहिलं आणि तो टाइप करत राहिला. त्यानं काय पाहिलं ते पुढं येईलच. मग चार झटके बसले, पाच, सात, आणि मनगट दुखेपर्यंत एक लांब ओढ. तीनच्या पुढं काय समजायचं याचा ठरावच झालेला नव्हता. अब्बांना रक्तदाबाचा त्रास होता. दोरी हातात धरून ते खाली पडल्याचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

त्यानं घाईघाईनं लिहिलं, 'एक मिनिट, माझे वडील', मनगटातला फास काढून फेकला आणि बाहेर पळाला.

फास निघाल्याबरोबर पलीकडे जोर लावत असलेला बकरा मोकळा झाला. भिंतीच्या भोकातून सगळी दोरी ओढत तो सडकेला लागला. त्याच्यामागं लटारूभाऊ, त्यांच्यामागं हातात सांडशी घेऊन नीलाबाई. तौसीफ बाहेर आला तेव्हा त्याला अब्बांची रिकामी खुर्ची दिसली आणि दूर पळणारे दोघे दिसले. बकरा ट्रकच्या आड गेला होता. तौसीफनं एकच अर्थ काढला, अब्बांना दवाखान्यात नेलं. तोही धावत सुटला.

टेलिफोनच्या ऑफिसात शफीभाऊ देवाजीच्या शेजारी ठाण मांडून बसले होते. खिडकीतून त्यांना आधी बकरा जाताना दिसला. मग लटारू. मग नीलाबाई. मग पोरगा. शफीभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा पस्तीस. ते अनवाणीच बाहेर आले.

"अब्बा, तुम्ही बरे आहे ना?" तौसीफनं त्यांचे दोन्ही खांदे धरले.

"मी बरा आहो. तू इथी काऊन? इंटरव्ह्यू?"

"दोरी तुम्हीच ओढून राह्यले होते ना?"

"मी तं इथी बसलो आहो."

दोघांनी बकऱ्याकडे पाहिलं. लटारूभाऊंनी त्याला नाल्याच्या काठी गाठलं होतं. गळ्यापासून निघालेली पंधरा हात दोरी धुळीत पडली होती आणि तिच्या शेवटी मनगटाचा फास होता. शफीभाऊंचे ओठ नुसते हलले, "पळ."

ज्या देवाजीला शफीभाऊ मघापासून जागचं हलू देत नव्हते, त्यानंच स्कूटर काढली आणि दोघांना बसवून गल्लीत आणलं. वीज गेलेली. निःशब्द गल्लीत एकटा यूपीएस ओरडत होता. पडद्यावर मॅडमनी तीनदा विचारलं होतं, आहात का? तौसीफ बसला आणि जेवढं लिहिता येईल तेवढं लिहू लागला. शफीभाऊंच्या हातात आज कडी नव्हती. ते मुलाच्या पाठीशी उभे राहिले. यूपीएसचा आवाज सलग झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर तीनदा थोपटलं. तौसीफनं बोलणं जपून ठेवलं आणि पडदा काळा झाला.

"गेलं," तौसीफ म्हणाला.

बाहेर लटारूभाऊ टोपी हातात घेऊन उभेच होते. "मले वाटलं, बकऱ्यासाठीच लावली," ते सारखं म्हणत होते. गल्ली तर आता खरोखरच कोणी गेल्यासारखी गप्प झाली.

संध्याकाळी वीज आली आणि तौसीफ नमाजाला गेला, तेव्हा शफीभाऊंनी नाहीदला बोलावलं. "ते बोलणं काढ आणि मले वाचून दाखव. किती नुकसान झालं ते तरी समजू दे."

नाहीद बारावीची, इंग्रजी बरं. एकेक ओळ वाचून ती सांगत गेली. "मॅडम विचारते, कुठी गेले होते? दादा म्हणते, दोरीले बकरा बांधला होता, मले वाटलं अब्बाले काही झालं. मॅडम विचारते, दोरी कायची? दादानं सांगितलं, वीज गेली का अब्बा ओढते. मॅडम म्हणते, मंग आमच्या ऑफिसात तुम्हाले वीज गेल्याचं कसं समजीन?" नाहीद थांबली.

"पुढं?"

"पुढं काही खास नाई अब्बा."

"वाच."

तिनं हळू आवाजात वाचलं. "दादा म्हणते, त्याची काळजी नोको. मॉनिटरच्या मांगं मी तीन वर्षांपासून एक लाल दिवा लावून ठेवला आहे. वीज गेली का विझते. मॅडम म्हणते, मंग दोरी कायले? दादा म्हणते, दोरी माह्यासाठी नाई. अब्बासाठी आहे."

शफीभाऊ उठले, मॉनिटर जरा सरकवला आणि मागं वाकून पाहिलं. त्यांच्या वडिलांच्या रेडिओतला लाल दिवा तिथं मंद जळत होता. तीन वर्षं ज्या झटक्याशिवाय पोराचं काम बुडेल असं समजून त्यांनी सुखानं एक चहा घेतला नव्हता, तो झटका पोराला नको होता. आणि नको असूनही पोरगा दर वेळी त्या झटक्यासाठी थांबत होता. त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त दुसरं काही वाटलं, त्यामुळे त्यांनी गमछा तोंडावर धरला.

"काय झालं अब्बा?" नाहीदनं विचारलं.

"तीन वर्षं मी लटारूले चोर समजलो," ते म्हणाले.

बुधवारी नागपूरहून ईमेल आली. ईद झाली की कामावर या. शिवाय, ऑफिसात जनरेटर आहे, वीज जात नाही. गल्लीनं दोन दिवसांचा साठलेला आवाज एकदम मोकळा केला. नीलाबाईनं सगळ्यांना फुकट चहा पाजला. शफीभाऊ हसत होते, पण जनरेटरची ओळ त्यांनी नाहीदकडून पुन्हा एकदा वाचून घेतली.

गुरुवारी दुपारी तौसीफ शेवटचं काम हातावेगळं करत होता. नवी दोरी भोकातून आलेली, फास मनगटात. त्यानं सवयीनं मान वाकवून मॉनिटरमागं पाहिलं. दिवा विझलेला नव्हता. दिवा तिथं नव्हताच. दोन तारांची टोकं चिकटपट्टीनं नीट बंद केलेली होती, आणि चिकटपट्टी लावायची ती पद्धत तो लहानपणापासून ओळखत होता.

आता वीज आहे की गेली, हे त्याला खरोखरच समजत नव्हतं. तो हात कीबोर्डवर ठेवून बसला. मग झटके आले. एक, दोन, तीन. त्यानं काम जपून ठेवलं आणि कंप्युटर बंद केला.

भिंतीपलीकडे शफीभाऊ कडी सोडून खुर्चीत टेकले. फळीवर वडिलांचा रेडिओ होता, त्यात लाल दिवा पुन्हा जागेवर बसवलेला. तेवढ्यात कडी हलली, एकदा. शफीभाऊंनी बकऱ्याकडे पाहिलं. तो खांबाला बांधलेला होता आणि पाला खात होता. त्या टोकानं दोरी कधी कोणी ओढली नव्हती, त्याचा ठरावच नव्हता. कडी पुन्हा हलली.

"भाऊ, काय म्हणते तौसीफ?" नीलाबाईनं टपरीवरून विचारलं.

"मालूम नाई," शफीभाऊ म्हणाले, आणि दोरी हातात धरून बसून राहिले.